चार पुस्तकांचं पोस्टर

यंदा थंडी उशिरा आली, आणि आली ती मिरचीचा ठसका घेऊनच. आम्ही नागपूरच्या वाडीला राहतो, अमरावती रोडच्या कडेला. खाली ट्रान्सपोर्टची गोदामं, वर दुसऱ्या माळ्यावर आम्ही. जानेवारीत एक दिवस असा येतोच, की खाली मिरचीचा ट्रक रिकामा होत असतो, हमालांनी तोंडाला दुपट्टे बांधलेले असतात आणि वर माझ्या स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता मला ठसका लागतो. माझा नवरा सुधाकर धावत जाऊन खिडक्या लावतो. मी म्हणते, एक राहू दे उघडी. तो म्हणतो, "तुले खोकायची हौस आहे का?" त्याचं सगळं बालपण नागपुरात गेलं. त्याला मिरची म्हणजे डब्यातलं तिखट.

मला मिरची म्हणजे एक अख्खा हंगाम आहे. बावीस वर्षं झाली त्याला. एरवी तो ठसक्यासरशी यायचा आणि पाण्याच्या घोटाबरोबर जायचा. यंदा मात्र येऊन बसला तो हलेचना.

भिवापूरच्या पुढं गेलं की झाडीपट्टी लागते. दिवाळी झाली की होळीपर्यंत तिकडं गावोगाव नाटकं. ज्या गावात नाटक नाही त्या गावात पाहुणे येत नाहीत, आणि पाहुणे येत नाहीत ते कसलं गाव, असा तिथला कायदा. आमचं गाव त्या मुलखाच्या वेशीवरच. बाबा चौथी शिकलेले. दोन एकरांत मिरची लावायचे आणि गावच्या नाटक मंडळात हसवायची कामं करायचे. कधी बेवडा, कधी बहिरा नोकर. त्या वर्षी मंडळानं त्यांना पहिल्यांदाच गंभीर काम दिलं. वकिलाचं.

मी तेव्हा नागपूरला हॉस्टेलवर राहून बी.ए. फायनलला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुढं एम.ए. झालं, बी.एड. झालं, आता ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, पण कोणी शिक्षण विचारलं की माझ्या तोंडून आधी बी.ए. निघतं. ते मी कमावलेलं आहे. एका हातानं मिरच्यांचे देठ खुडत कमावलेलं आहे, त्यामुळं ते सांगताना मला संकोच वाटत नाही.

संक्रांतीला दहा दिवस गावी गेले होते. अंगणभर लाल. भिवापुरी मिरची बुटकी, जाड, आणि वाळली की तिचा लाल रंग काळ्याकडं झुकतो. आई, मी आणि बाबा बांबूच्या तट्ट्यावर बसून देठ खुडायचो. माझ्या मांडीवर अर्थशास्त्र उघडं. पान मी कोपरानं उलटायची, कारण बोटं तिखट झालेली. चुकून ते बोट डोळ्याला लागलं की मागणी आणि पुरवठा दोन्ही धूसर. शेजारी दगडाखाली दाबून ठेवलेली बाबांची नाटकाची वही. बाबांना छापील अक्षर सावकाश लागायचं, हाताचं तर लागायचंच नाही. म्हणून त्यांचे संवाद मी वाचायची आणि ते मागून म्हणायचे.

"न्यायाधीश महाराज! विहीर मुकी असते, पण आंधळी नसते!" मी वाचलं, बाबा मागून म्हणाले.

"बाबा, तुमी न्यायादिश म्हणून राहिले."

"तेच तं म्हटलं."

"धीश. धी."

"धी. आता वकिलाले एवढं कोन विचारते? कोट घातला का समदं शुद्धच वाटते."

आई म्हणायची, "तुमी दोघं बापलेक कोर्टातच राहा. मिरच्या मी एकटीच खुडतो."

कोट त्यांनी शाळेच्या हेडमास्तरांचा मागून आणला होता. तो घालून भिवापूरच्या स्टुडिओत फोटो काढला. अशी तयारी. दहा दिवस संपता संपता त्यांचा 'धी' जमला. मी नागपूरला निघाले तेव्हा एस.टी.च्या खिडकीशी येऊन म्हणाले, "नाटकाले येजो."

मी म्हटलं, "परीक्षा जवळ आली, बाबा."

परीक्षा जवळ आली होती हे खरं. पण मला जायचं नव्हतं, हेही खरं होतं. तीन वर्षं शहरात राहून माझी मराठी सुधारली होती. 'मले'चं 'मला' झालं होतं. मेसमध्ये आधी इकडंतिकडं पाहून मग बोलायची सवय लागली होती. ज्यानं हे केलं नाही त्याला ते कळणार नाही. ज्यानं केलं तो मान्य करणार नाही. मी करते.

नाटक झालं. आठवड्यानं बाबा हॉस्टेलच्या फाटकाशी आले. पुरुषांना आत सोडत नव्हते. हातात सुतळीनं बांधलेली गुंडाळी. म्हणाले, "तू आली नाही, मंग हे तरी पाय." ते नाटकाचं पोस्टर होतं. वडश्याच्या छापखान्यात छापलेलं, चांगलं अडीच फूट लांब. वर लाल अक्षरांत 'विहिरीनं घेतला सूड', खाली 'हास्य, अश्रू आणि रहस्य यांचा महापूर', त्याखाली 'बंदिस्त शामियान्यात', आणि मग गोल गोल चौकटींत कलाकारांचे चेहरे. खाली उजवीकडे बाबा, कोट-टायमध्ये, मान थोडी वर केलेली.

"एवढं एकच उरलं," बाबा म्हणाले. "बाकीचे बकऱ्यांनी खाल्ले."

हे खरं आहे. पोस्टर मैद्याच्या खळीनं चिकटवतात आणि खळीच्या वासानं बकऱ्या ते भिंतीवरून सोलून खातात. म्हणून खळीत मोरचूद घालायची पद्धत आहे. त्या वर्षी मंडळ मोरचूद घालायला विसरलं.

"भितीवर लावजो. अभ्यास करता करता पाहात जाजो."

"हो बाबा."

वर खोलीत गेले. आम्ही चौघी राहायचो. मीनल नावाची मुलगी होती, नागपूरचीच, वडील डॉक्टर. घरी अभ्यास होत नाही म्हणून हॉस्टेलवर. स्वभावानं वाईट नव्हती. तिनं गुंडाळी माझ्या हातातून घेतली, उघडली आणि पलंगावर उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली. महापूर, शामियाना, सगळं. तिघी हसून लोळायला लागल्या. मीही हसले. मग तिनं बाबांच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण गं? कसला भारी वकील!"

मी म्हटलं, "गावातले एक जण आहेत."

एवढंच. विषय संपला, मेसची घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी खोलीत कोणी नसताना मी ब्लेड घेतलं आणि पोस्टरचे चार तुकडे केले. फायनलच्या चार पुस्तकांना कव्हरं घातली. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, अर्थशास्त्र. छापलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. ही कव्हरं घालायची रीत मला बाबांनीच शिकवलेली. दरवर्षी शाळा सुरू झाली की जुनी कॅलेंडरं घेऊन बसायचे. कोरी बाजू बाहेर, म्हणजे पुस्तक उजळ दिसतं. आणि पाठीच्या कण्याशी वर-खाली एकेक छोटा तिकोनी काप घ्यायचा, म्हणजे कव्हर आत मुडपताना चुरगळत नाही. त्या कापाला ते 'घाट' म्हणायचे. मी चार पुस्तकांचे आठ घाट कापले. हात सरावाचा होता.

पुढच्या फोनवर बाबांनी विचारलं, "लावलं का?"

"लावलं."

असं ते बावीस वर्षं लावलेलं राहिलं.

डिसेंबरात बाबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. नागपुरातच. दुसरा डोळा झाला त्या दिवशी पट्टी बांधून पडले होते, मी कॉटशेजारी मोसंबी सोलत होते. आईला जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळं दवाखान्यात मीच. मध्येच म्हणाले, "शोभा, ते पोस्टर तुह्याजवळ आहे ना वं?"

मी फोड वाटीत ठेवली.

"कोणतं?"

"वकिलाचं. मंडळात कोनापाशीच नाही ते. मी समद्यायले विचारलं. आता निघन पट्टी, तं मले एकदा पाहाचं आहे. पाच-सहा वर्सं झाले, मले माहा चेहरा आरशातबी धड दिसला नाही."

"आहे ना, बाबा."

आहे म्हटलं, कारण होतं. बी.ए.ची पुस्तकं मी टाकलेली नाहीत. लग्नात आलेल्या लोखंडी पेटीत ती अजून आहेत. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन मी पेटी उघडली आणि चारही कव्हरं काढली. जमिनीवर उलटी मांडली. बाहेरच्या बाजूला माझं नाव, बी.ए. फायनल, निळ्या शाईत. आतल्या बाजूला महापूर. घड्यांच्या पांढऱ्या रेघा, कडा पिवळ्या, आणि आठ तिकोनी भोकं. एक भोक बरोबर बाबांच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर. अर्थशास्त्राच्या कव्हरात त्यांचा चेहरा होता, आणि घडी नाकावरून गेलेली.

सुधाकर म्हणाला, "फ्रेमवाल्याकडं दे. दोन दिवसांत करून देईल."

फ्रेमवाला विचारेल, मॅडम, हे असं कोणी कापलं? ते मला ऐकायचं नव्हतं. म्हटलं, घरीच करते.

पट्टी निघाल्यावर बाबा गावी गेले. पुढच्या तपासणीसाठी येणार त्याला अजून तीन आठवडे होते. तेवढ्यात हे चार तुकडे असे जोडायचे, की बघणाऱ्याला ते एक वाटावं. बघणारा पण कोण? कालपर्यंत ज्याला समोरची म्हैस अंदाजानं ओळखू यायची, आणि आज जो सुईत दोरा ओवतो. माझ्या मनात येऊन गेलं, की हे सगळं पट्टी निघण्याआधी झालं असतं तर बरं झालं असतं. आलं मनात. लपवून काय करू?

लकडगंजला सागाची पट्टी घ्यायला गेले. दुकानाचा शेठ हिंदी-मराठी मिसळून बोलणारा.

"मॅडम, कोपऱ्याचा काट सीधा नाही असत. पंचेचाळीसचा असते. तुमच्यानं नाही होत. मिस्टरले पाठवा."

"मिस्टरांना चहा सरळ गाळता येत नाही, पट्टी काय कापतील?"

शेठ हसला. मग त्यानंच एका फळीवर रेघ मारून आरी कशी धरायची ते दाखवलं. "लकडी को जबरदस्ती नाही चालत," म्हणाला. "आरीले आपलं वजन नाही द्यायचं." पहिले दोन कोपरे मी जबरदस्तीनंच कापले आणि त्यात बोट जाईल एवढी फट राहिली. तिसऱ्यापासून जमलं. पट्टी पुन्हा आणावी लागली, तेव्हा शेठनं काही विचारलं नाही, नुसतं 'हं' केलं.

तुकड्यांना पाणी लावून घड्या सोडवायचा विचार होता. आधी एका कडेला ओला कापूस टेकवून पाहिला. कापूस लाल झाला. म्हणजे पाणी वरून लावायची सोय नाही. मग मांजरपाटाचं फडकं मध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवली, एकेक घडी, श्वास धरून. बाबांच्या नाकावरून इस्त्री नेताना मी काय काय म्हटलं ते माझं मलाच आठवत नाही. घड्या बसल्या. रेघा राहिल्या.

मग जोडणी. खाली मांजरपाट ताणून प्लायवर ठोकला, त्यावर मैद्याची खळ लावून तुकडे बसवायचे, असं ठरवलं. बाजारातला पांढरा गोंद मी मुद्दाम घेतला नाही. एकदा चुकलं की तो सोडत नाही, खळ सोडते. खळ शिजवली. मोरचूद घातलं. दुसऱ्या माळ्यावर बकरी येत नाही, पण झुरळं आहेत.

शनिवार होता. रविवारी दुपारच्या एस.टी.नं बाबा येणार होते. सुधाकरला मी बाहेर पाठवून दिलं, कारण तो उभा राहून सल्ले देतो. फरशीवर पेन्सिलच्या खुणा करून तीन आठवडे मी ते चार तुकडे कोरडे मांडून पाहिले होते. सुतासारखे बसत होते. पहिला तुकडा खळीवर ठेवला, हातानं मधून कडेकडे दाबत नेला. बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला जरा सुरकुती आली ती निघाली. चौथा म्हणजे अर्थशास्त्र, बाबांचा. तो ठेवला आणि तो मावेना.

कागद खळीनं ओला झाला की फुगतो, वाढतो, हे मला माहीत नव्हतं. राज्यशास्त्रात ते येत नाही. बाकीचे तीन ज्वारीएवढे ज्वारीएवढे वाढले होते आणि त्यांनी मिळून चौथ्याची जागा खाल्ली होती. बाबांचा कान शेजारच्या खलनायकाच्या खांद्यावर चढत होता. खळ सुकायला लागलेली. दोनच रस्ते होते. एक तर तसंच चढू द्यायचं, मग शिवण उठून दिसणार, आंधळ्यालाही हाताला लागणार. नाही तर दोन सूत, म्हणजे पाव इंच, कागद कापून टाकायचा. कान थोडा जाणार, पण सांधा साफ. कोणाला कळणार नाही.

ब्लेड टेबलावरच होतं. मी ते उचललं. पट्टी टेकवली. पट्टीखाली बाबांचा कान, कोटाची कॉलर, आणि वर केलेली ती मान.

खाली कुठला तरी ट्रक मागे घेत होते, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे," असं कोणी तरी ओरडत होता. खळ बोटांवर कडक झाली. मग मी ब्लेड खिडकीच्या चौकटीवर ठेवून दिलं, आणि बाबांना खलनायकाच्या खांद्यावर चढू दिलं. हातानं दाबलं. शिवण उठली ती उठलीच.

आठ भोकं मात्र मी झाकली. तसल्याच पिवळट कागदाचे तिकोन कापून, रंगाच्या ट्यूबमधला लाल लावून. लाल जुळला नाही. जुना लाल आमच्या मिरचीसारखा काळ्याकडं झुकलेला, माझा आपला नवा, टवटवीत. वरून काच लावली. हॉलमध्ये कुठं लावायचं हे ठरवायला मला अर्धा तास लागला, आणि खरं सांगायचं तर मी अशी भिंत शोधली जिथं दुपारी खिडकीचा उजेड काचेवर पडतो. उजेड पडला की शिवण दिसत नाही. नुसतं चकाकतं.

रविवारी बाबा आले. काळा चष्मा, पांढरा शर्ट, पिशवीत माझ्यासाठी तिखट. पाणी प्यायले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी ते पाहिलं.

"हे काय, लावलं आहे!"

चष्मा काढला. जवळ गेले. आणि आरशासमोर करतात तशी मान हळूहळू एका बाजूला नेली, जोवर काचेवरचा उजेड सरला नाही तोवर. मग थांबले. मला त्यांची पाठ दिसत होती. सुधाकर चहा ठेवायला आत गेला. तो शहाणा आहे कधी कधी.

बाबांनी बोट काचेवर ठेवलं. उभ्या शिवणीवरून वर नेलं. आडव्या शिवणीवरून डावीकडं. मग एका लाल तिकोनावर थांबले. तिथून सरळ खाली, दुसऱ्या तिकोनावर. बरोबर पुस्तकाच्या पाठीच्या उंचीएवढ्या अंतरावर. शिवणीचं मी काहीतरी सांगितलं असतं, घडीवर फाटलं म्हणून. पण घाट कापायला त्यांनीच शिकवलं होतं.

"हे तं घाट आहेत," बाबा म्हणाले.

"हो."

"पुस्तकाले लावलं होतं?"

"हो बाबा. चार पुस्तकांना."

"कोनत्या?"

मी चारही नावं सांगितली. ते ऐकत होते. मग मागं वळले तर चेहरा चक्क खुललेला.

"भितीवर लावलं असतं तं पावसाळ्यात सडलं असतं वं. पुस्तकाले लागलं म्हनजे कामी आलं. मी कोन्या पुस्तकावर होतो?"

"अर्थशास्त्र."

"पास झाली ना त्याच्यात?"

"फर्स्ट क्लास."

"मंग!" म्हणाले, आणि सोफ्यावर बसले, जणू ते फर्स्ट क्लास आत्ताच लागलं होतं.

इथं हे संपवता आलं असतं. बापानं माफ केलं होतं, तेही मी न मागता, आणि अर्धंच ऐकून. सुधाकर चहा घेऊन आला होता. मी चहा घ्यायचा, दोन खारी खायच्या, आणि बाकीची बावीस वर्षं तशीच पुढं ढकलायची. माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला.

"बाबा, कामी यावं म्हणून नव्हतं लावलं. मले लाज वाटली होती."

खूप वर्षांनी माझ्या तोंडून 'मले' निघालं.

"खोलीतल्या पोरी हसल्या. मीनलनं तुमच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, हे कोण. मी सांगितलं, गावातले एक जण आहेत. बाप आहे म्हणून नाही सांगितलं. आणि मग कापलं. छापलेली बाजू आत करून."

बाबांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. प्यायले नाहीत. खुललेला चेहरा हळूहळू मिटला, दुपारी दुकानं मिटतात तसा, एकेक फळी. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. सुधाकरनं माझ्याकडं पाहिलं, मी मानेनंच नको म्हटलं.

मग बाबा म्हणाले, "मले आता सांगून काय फायदा वं? मी कोन, हे खोटं तू मले थोडी सांगितलं. त्या पोरीले सांगितलं. तिले सांग."

"आता? बावीस वर्षांनी?"

"मले सांगाले बावीस वर्सांनी जमलं ना तुले?"

हॉस्टेलच्या मुलींचा मोबाईलवर ग्रुप आहे. मीनल त्यात आहे, पुण्याला असते. सणाला शुभेच्छा टाकते, एरवी बोलणं नाही. मी उठून भिंतीवरच्या पोस्टरचा फोटो काढला. लिहिलं, "मीनल, हे पोस्टर आठवतं? खोलीत तू वाचून दाखवलं होतंस. यातले वकील गावातले एक जण नाहीत. माझे बाबा आहेत. तेव्हा मी खोटं बोलले." ग्रुपवरच टाकलं, बाकीच्या दोघींनाही दिसावं म्हणून. पाठवायच्या आधी मी ते तीनदा वाचलं, तेव्हा सुधाकर म्हणाला, "दे, मी दाबतो." मी नाही दिला.

पाच मिनिटं काही नाही. बाबा चहा तसाच ठेवून फोनकडं बघत होते. मग वाजला. मीनलच होती. मी वाचलं.

"काय म्हनते?"

"म्हणते, कोणतं पोस्टर गं? मला तर काहीच आठवत नाही. खाली हसरा चेहरा टाकलाय."

"काहीच आठवत नाही म्हनते?"

"काहीच नाही."

बावीस वर्षं मी जिच्या नजरेपुढं मान खाली घालून होते, तिच्या ध्यानातही ते नव्हतं. मला हसावं की काय करावं कळेना. वाटलं, आता सुटले. आता काय सांगायचं आणि कोणाला? पण बाबांकडं पाहिलं आणि कळलं, की सुटका माझी झाली असेल, त्यांची नाही. तो माणूस कोण, हे तिनं वाचलं होतं, पण तिच्या लेखी तो अजूनही कोणीच नव्हता.

"फोन लाव तिले," बाबा म्हणाले.

"बाबा, जाऊ द्या ना आता."

"लाव म्हटलं ना."

लावला. तीनदा वाजला, चारदा वाजला. मनात म्हटलं, उचलू नको. तिनं उचलला. "अगं शोभा! तू आणि फोन? केवढी वर्षं झाली! आणि ते पोस्टरचं काय गं?"

बाबांनी हात पुढं केला. मी फोन त्यांच्या हातात दिला. ते सोफ्यावरून उठून उभे राहिले, शर्ट खाली ओढून सरळ केला, फोन तोंडापासून वीतभर लांब, माईकसारखा धरला. नव्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहात पाहात, एकेक अक्षर स्वच्छ म्हणाले,

"हॅलो. मी शोभाचा बाप बोलून राहिलो."